बुधवार, साडेपाच ते सहा

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास त्याच्या कॅलेंडरवर एक हिरवी चौकट उमटली. हिरवा रंग बाहेरच्या माणसांचा होता. निळा कामाचा, करडा खाण्यापिण्या-आंघोळीचा आणि जांभळा स्वतःसाठी राखलेल्या वेळेचा. त्या जांभळ्या वेळेत तो बहुतेक वेळा बाकीच्या रंगांचीच व्यवस्था लावत बसे. बाहेरच्या कुणाला त्याच्याशी बोलायचं असलं तर फोन करायचा नाही, त्याने दिलेल्या लिंकवर जायचं, मोकळी दिसेल ती वेळ धरायची, चार रकाने भरायचे, की ती भेट आपली आपण येऊन त्याच्या आठवड्यात बसत असे. हिरव्या चौकटी तो सहसा आयत्या वेळीच उघडे; ही मात्र एखादा औषध कंपनीवाला असेल म्हणून त्याने लगेच उघडली. नावाच्या रकान्यात त्याच्या बायकोचं नाव होतं, आडनावासकट. संस्था: घर. यापूर्वी संपर्क आला आहे का: हो. विषय: बोलायचं आहे. बुधवार, साडेपाच ते सहा.

त्याला हसू आलं आणि ते ओठांवरच राहिलं. अर्ध्या तासापूर्वी ती याच खोलीच्या दारावरून कामावर गेली होती. जाताना 'दार लावून घे रे' म्हणाली होती आणि त्याने हेडफोन न काढता अंगठा दाखवला होता. म्हणजे बसमध्ये बसून तिने हे केलं असणार, मांडीवर पर्स, चष्मा कपाळावर, फोन डोळ्यांपासून हातभर लांब. 'संस्था'पाशी ती थांबली असणार. रकाने कोरे सोडणाऱ्यातली ती नव्हती. ती हवामान केंद्रात निरीक्षक होती. ठरल्या वेळी अंगणातल्या पांढऱ्या पेटीपाशी जायचं, पारा बघायचा, वारा बघायचा, पावसाच्या नळीतलं पाणी मोजायचं आणि आकडा असेल तसा वहीत लिहायचा. विचित्र वाटला तरी तोच लिहायचा. बावीस वर्षं ती हे करत आली होती आणि वेळ पाळण्यासाठी तिच्याकडे मनगटावरच्या साध्या घड्याळापलीकडे काही नव्हतं. अशी बाई थट्टा करायची म्हणून रकाने भरणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच त्याने ते चारही रकाने पुन्हा वाचले.

तो स्वतः औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात त्या पातळ कागदांचे अनुवाद करत असे. किती घ्यावं, कुणी घेऊ नये, घेतल्यावर काय काय होऊ शकतं, असला मुंगीएवढ्या अक्षरातला मजकूर, जो फारसं कुणी वाचत नाही. घरातल्या मागच्या खोलीत बसून नऊ वर्षं त्याचं हे चाललं होतं. काम वाढलं तसा वेळेचा ताळमेळ सुटत गेला, एकदा एका मलमाच्या कागदाची मुदत तो साफ विसरला, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. आधी फोनमधली साधी यादी. यादीला तारखा हव्यात म्हणून दुसरं सॉफ्टवेअर. कुठलं काम आधी कुठलं नंतर ते कळायला हवं म्हणून तिसरं. मग टिपणांसाठी एक, कशाला किती वेळ गेला ते मोजण्यासाठी एक, आणि ही सगळी एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून त्यांच्यात मध्यस्थी करणारं आणखी एक. सात वर्षांत अकरा झाली. प्रत्येक नवं घेताना जुन्यातली शेकडो कामं नव्यात हलवावी लागत, रविवारचा रविवार त्यात जाई, आणि खरं सांगायचं तर ते त्याच्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे रविवार होते. बिऱ्हाड बदलताना नव्या रिकाम्या खोलीत वाटतं तसं वाटे: इथे आता पसारा होऊ द्यायचा नाही. तीन आठवड्यांत पसारा होई आणि दोष त्या सॉफ्टवेअरच्या माथी जाई. अशाच एका रविवारी बायको दाराशी येऊन म्हणाली होती, "किती कामं राहिलीत?" "आठशे बारा." "आणि हलवून झाल्यावर?" "आठशे बाराच. पण नीट." ती बराच वेळ हसत राहिली होती. तेव्हा ती त्याला हसत असे.

तिला ती लिंक त्यानेच दिली होती. गेल्या वर्षी कधीतरी, तो एका गोळीच्या दुष्परिणामांची यादी जुळवत असताना ती आत आली आणि गॅसवाला उद्या येतोय की परवा असं काहीसं विचारून गेली. त्यात त्याचा धागा तुटला. तो चिडला नाही. चिडणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि याचा त्याला अभिमानही होता. त्याने तिला शांतपणे समजावलं की एकदा लक्ष उडालं की परत बसायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि असं दिवसातून चार वेळा झालं तर काय होतं त्याचा हिशेब तूच कर. "मग बोलायचं कधी?" तिने विचारलं. तो म्हणाला, "लिंकवरून वेळ घे." म्हणताना तो हसला होता की नव्हता? सोमवारचा अख्खा दिवस तो हे आठवत बसला. हसला असला तर ती थट्टा होती आणि नसला तर तो नियम होता. त्याला स्वतःचा चेहरा काही केल्या आठवेना. आठवली ती फक्त तिची मान, हो म्हणताना हलते तशी हललेली.

संध्याकाळी ती आली, हातपाय धुऊन तिने चहा टाकला. दोघं स्वयंपाकघरातल्या लहान टेबलापाशी समोरासमोर बसले. ही त्यांची करडी वीस मिनिटं होती. "काय म्हणतंय हवामान?" त्याने विचारलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासूनचा हा त्यांचा प्रश्न. पूर्वी ती याचं उत्तर स्वतःबद्दल देत असे, आज ढगाळ, आज वादळाचा इशारा, आज स्वच्छ सूर्यप्रकाश आणि संध्याकाळी सिनेमाची शक्यता. आता ती म्हणाली, "दमट आहे. दोन दिवस असंच राहील." म्हणजे खरंच हवेत दमटपणा होता. त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं, अगं, ते बुधवारचं काय? चार शब्द. कपातला चहा संपेपर्यंत ते तोंडात फिरत राहिले. विचारलं तर ती इथेच, या टेबलापाशी सांगून टाकेल, आणि सांगून टाकलं की ते घडलेलं असेल. बुधवारपर्यंत ते नुसती एक चौकट होतं. तो भ्याला होता. इतकी वर्षं आपण वेळेला काबूत ठेवतो असं समजणारा हा माणूस दोन दिवसांची उसनवारी करत होता, आणि तेही समोर बसलेल्या बायकोकडून, तिच्या नकळत. तिने कप विसळले आणि ती गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला गेली.

त्याला वडील आठवले. वडील शिक्षक होते आणि सबंध शाळेचं वेळापत्रक करण्याचं काम वर्षानुवर्षं त्यांच्या गळ्यात असे. सुट्टी संपत आली की जेवणाच्या टेबलावर मोठा पुठ्ठा अंथरायचा, त्यावर रंगीत कागदाचे चौकोन, एकेक चौकोन म्हणजे एकेक शिक्षकाचा एकेक तास. घरातल्या कुणी जोरात दार लावायचं नाही, पंखा लावायचा नाही, चौकोन उडतात. घाम पुसत वडील चित्रकलेचा तास उचलून मंगळवारात टाकत, मग मंगळवारचं गणित पडे, गणित उचललं की गुरुवार कोसळे. आठ दिवसांनी सगळं बसलं की ते पुठ्ठ्याकडे असं बघत की तसं त्यांनी मुलांकडे कधी बघितलं नसावं. आई शेजारणीला सांगे, "आमच्या ह्यांनी मला मधल्या सुट्टीत ठेवलंय." शेजारीण हसे, आई हसे. आई त्या वाक्याला किती वर्षं हसली असेल, आणि कुठल्या वर्षी ते हसणं नुसतं सवयीचं झालं असेल, हे त्याच्या मनात आजवर आलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर वडिलांनी घरासाठी एक वेळापत्रक केलं होतं, नाश्ता, भाजी आणणं, वाचन, फिरणं. आईने ते वाचलं आणि फळीवर कागद हवाच होता म्हणून त्यावर डबे मांडले.

मंगळवारी दुपारी त्याने मुलीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात वसतिगृहात राहून शिकत होती. "बाबा? या वेळेला? काय झालं?" "काही नाही गं. सहज." "तू सहज करत नाहीस फोन." तो म्हणाला, बरं, तसं नाही, आई तुझ्याशी काही बोलली का? ती म्हणाली, "कशाबद्दल?" आणि त्या विचारण्यातच त्याला कळलं की बोलली आहे. "असंच. सर्वसाधारण." "बाबा, तिलाच विचार ना. एका घरात राहता." "आता कामावर गेलीय." "मग आल्यावर विचार." मग तिचा आवाज जरा मऊ झाला. "जेवलास का?" त्याने हो म्हटलं. जेवणाची करडी चौकट उलटून गेली होती, म्हणजे जेवला असणार.

फोन ठेवून तो पडद्याकडे वळला आणि त्याच्या डोळ्यांदेखत बुधवारची हिरवी चौकट हलली. हात न लावता उचलली गेली आणि पुढच्या सोमवारात जाऊन बसली. तिच्या जागी एक निळी आली: तापाच्या औषधाची कंपनी, तातडीचं काम, साडेपाच वाजता. तो बघतच राहिला. मग त्याला आठवलं. हा त्याचाच नियम होता. विमेवाले, सर्वेक्षणवाले, 'सहज ओळख करून घ्यायची होती' म्हणणारे लोक लिंकवरून वेळ धरून बसत, म्हणून दीड वर्षापूर्वी त्याने त्या मध्यस्थ सॉफ्टवेअरला शिकवून ठेवलं होतं: ज्या भेटीच्या विषयात काम, मुदत, मजकूर असला एकही शब्द नाही तिच्या वेळेवर दुसरं काही आलं, तर ती पुढच्या मोकळ्या जागी सरकव आणि समोरच्याला पत्र पाठव. पत्र त्याने स्वतः लिहिलं होतं, तीनदा खरडून. त्याच्या पोहोची रोज येऊन त्रास देऊ नयेत म्हणून त्या आठवड्यातून एकदा एकत्र येत, आणि आलेलं एकत्र टिपण न वाचता कपाटबंद करायला दुसरा एक नियम होता. दोन्ही चोख चालत होते. त्याने जुन्या नोंदी उघडल्या आणि बायकोचं नाव घालून शोधलं.

ही तिची चौथी भेट होती. पहिली सात आठवड्यांपूर्वीची, गुरुवार, सहा वाजता, विषय तोच. खोकल्याच्या औषधाच्या कागदाने ती हटवली होती. दुसरी त्यानंतर नऊ दिवसांनी. ती डोळ्यांच्या कुठल्याशा थेंबांनी हटवली. तिसरी गेल्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी अकराला, आणि ती ज्याने हटवली ते वाचून त्याने खुर्ची मागे सरकवली. 'कामाच्या साधनांचा मासिक आढावा.' म्हणजे त्या सकाळी तो या खोलीत बसून आपली अकरा सॉफ्टवेअरं एकमेकांशी नीट बोलताहेत की नाहीत ते तपासत होता. तिन्ही वेळा भेट सरकून नव्या जागी गेली आणि तिन्ही वेळा ती नवी जागा तिने स्वतः रद्द केली होती, आणि मग काही दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून रकाने भरले होते. तिन्ही वेळा तिला पत्र गेलं होतं. 'आपण माझ्याशी बोलू इच्छिता याचा मला मनापासून आनंद आहे. अपरिहार्य कारणामुळे आपली भेट पुढे न्यावी लागत आहे. आपला वेळ माझ्यासाठी मोलाचा आहे.' तो शनिवार त्याला आठवला. ती दाराशी आली होती, बाहेर जायचे कपडे होते, केस ओले. त्याने एक बोट वर केलं होतं, एक मिनिट. मिनिट झाल्यावर वळून पाहिलं तर दारात कुणी नव्हतं, आणि चला, फारसं महत्त्वाचं नसावं म्हणून त्याला बरं वाटलं होतं.

त्याने तापाच्या औषधाला नकार कळवला, हिरवी चौकट ओढून बुधवारात परत आणली, नियम बंद केला. तेवढ्यात त्या ओढाओढीची दोन पत्रं तिला गेलीही. फोन करावा असं वाटून त्याने फोन उचलला, पण यावेळी ती पांढऱ्या पेटीपाशी असेल, आणि बोलायचं तरी काय? म्हणून त्याने हाताने एक ओळ लिहिली: 'बुधवारची भेट नक्की आहे, मी आहे.' पाठवल्यावर दिसलं, खाली त्याचं पूर्ण नाव, अनुवाद सेवा, कामाच्या वेळा, सगळं आपोआप चिकटलं होतं. तिचं उत्तर तासाभराने आलं. 'बरं.'

बुधवारी त्याने कामाला हात लावला नाही. टेबल आवरलं, दुसरी खुर्ची पुसून समोर ठेवली, मग ती मुलाखतीसारखी वाटली म्हणून बाजूला घेतली, मग बाजूने तिचा चेहरा दिसेना म्हणून पुन्हा समोर ठेवली. आजार असेल. नोकरी गेली असेल. दुसरा कुणी असेल. प्रत्येकावर काय म्हणायचं ते त्याने मनात लिहून ठेवलं. आजार असला तर तो सगळं बाजूला टाकणार होता, सगळं, आणि हे ठरवताना त्याला एक क्षण चक्क हुरूप आला, त्या आजाराच्या तारखा, तपासण्या, औषधं लावण्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर बरं पडेल तेही मनात येऊन गेलं. त्याला स्वतःची किळस आली. साडेपाचला दार वाजलं. स्वतःच्या घरात तिने दार वाजवलं. घरचेच कपडे, नाकावर चष्मा, हातात घडी केलेला कागद.

"बस ना," तो म्हणाला.

ती बसली. "वर डोंगरावर आमचं एक केंद्र आहे," ती म्हणाली. "तिथे जागा निघाली होती. प्रमुखाची. दोन वर्षं, पुढे वाढूही शकतात. मी होकार दिला."

"कधी?"

"गेल्या महिन्यात. शेवटची तारीख होती."

"मला बोलली नाहीस." म्हटल्याबरोबर त्याने मान खाली घातली. "मी पाहिलं ते. नोंदी. मला खरंच माहीत नव्हतं गं. तो एक नियम होता, विमेवाल्यांसाठी—"

"असेल," ती म्हणाली. ती रागावलेली नव्हती. त्याने आशेने पाहिलं, पण राग कुठेच दिसेना. "पहिल्यांदा वेळ घेतली ना, तेव्हा तुला विचारायचं होतं. म्हणजे तू जाऊ नकोस म्हणाला असतास तर मी गेले नसते. हे खरं सांगते तुला. मी ठरवलंच होतं तसं."

"दारात उभं राहून ओरडायचंस तरी. टेबलापाशी बोलायचंस. रोज चहा पितो आपण."

"टेबलापाशी तू घड्याळ बघतोस रे." तिने हातातला कागद टेबलावर ठेवला. "आणि मला बघायचं होतं, मी वेळ घेतली तर तू देतोस का. तेही खरं. तिसरं पत्र आलं तेव्हा मी बाहेरच्या खोलीत होते, तू आत होतास. मला हसू आलं. मग तिथेच बसून होकार लिहून टाकला. पत्र छान लिहिलंयस तू. मला वाचून वाटलं, कोणी परका माणूस आहे, पण भला आहे."

तो म्हणाला, "नको जाऊस." फार उशिरा म्हणतोय हे त्याला म्हणतानाच कळत होतं.

"आता मला जावंसं वाटतंय," ती म्हणाली. "आधी नव्हतं वाटत. वर एक दिवस जाऊन आले, तुला सांगितलं होतं कामासाठी जातेय म्हणून. चारी बाजूंना काही नाही. नुसती हवा. मी खूप बोलले तिथल्या लोकांशी, मलाच नवल वाटलं."

तो बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसला. पडद्यावर पाच मिनिटं राहिल्याची सूचना आली आणि त्याने झटकन पडदा मिटला. आणि मग त्याला एकदम सुचलं, इतकं सोपं होतं ते. त्याचं काम कुठूनही होत होतं. एवढी वर्षं जी जुळवाजुळव केली ती याचसाठी तर होती, एक यंत्र उघडलं की सगळं तिथे हजर. जीव भांड्यात पडल्यासारखा तो पुढे सरकला. "मी येतो," तो म्हणाला. "मी पण येतो तिकडे. मला काय, टेबल आणि खुर्ची. आठवड्यात सगळं हलवतो. आणि नाही, हे सगळं नाही, हे बंदच करतो. खरंच सांगतो. नुसता येतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात माया होती, आणि ती बघून तो आणखी घाबरला. "तिथे एकाच माणसापुरती जागा आहे," ती म्हणाली. हातातला कागद तिने मघाशीच टेबलावर ठेवला होता, तो तिच्या होकारपत्राची प्रत होता, आणि त्याची घडी आपसूक उलगडत आली होती. मुंगीएवढी अक्षरं वाचण्यात त्याची नऊ वर्षं गेली होती. न वाचायचं ठरवूनही त्याने वाचलं. निवास: तीन खोल्या, कुटुंबासह. त्याखालचा रकाना, सोबत येणाऱ्या व्यक्ती. त्यात तिच्या सरळ, वहीत आकडे लिहिणाऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं, कोणी नाही.

त्याने वर पाहिलं. त्याने वाचलंय हे तिला कळलं होतं. तिने नजर चुकवली नाही, चष्मा तेवढा सारखा केला.

"हे बदलता येतं का?" त्याने विचारलं.

"येतं," ती म्हणाली. "निघेपर्यंत कधीही बदलता येतं."

तो वाट बघत राहिला. तिने कागद उचलला, होत्या त्याच घड्यांवर शांतपणे घडी घातली आणि तो हातात धरून ती खुर्चीत बसून राहिली, सहा वाजेपर्यंत.